शाळा सुटली

तीन शब्दांच्या एका मराठी वाक्याने मला दीड महिना अडवून ठेवलं. वाक्य असं : 'आक्काची शाळा सुटली.'

वडिलांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली तेव्हा घरच्या घरी एक छोटी स्मरणिका काढायचं ठरलं. भावंडांची मुलं आता बंगळुरू, अहमदाबाद आणि परदेशात विखुरली आहेत. त्यांना मराठी ऐकून कळतं, वाचता येत नाही. म्हणून मूळ मजकूर मराठीत आणि सोबत हिंदी-इंग्रजी अनुवाद, अशी योजना होती. मजकूर काकांनी लिहिला आणि अनुवाद अर्थातच माझ्याकडे आला, कारण घरात तो धंदा माझा.

काकांच्या मजकुरात आजीवर दोन पानं होती. लालबागची दहा बाय बाराची खोली, १९५४ साली आजोबांचा क्षयाने झालेला मृत्यू, तीन लहान मुलं, गिरणीतली नोकरी, घरात चालवलेली खानावळ. 'आईने अपार कष्ट करून आम्हा मुलांना शिकवलं. तिच्या त्यागामुळेच आज आम्ही इथवर आलो.' आणि या दोन वाक्यांच्या मधोमध : 'परिस्थितीमुळे आक्काची शाळा सुटली.' आक्का म्हणजे माझी आत्या, तिघांत थोरली. तेव्हा ती दहा वर्षांची होती आणि चौथीत होती. बाबा सहा वर्षांचे, काका तीन.

हिंदी अनुवाद करताना काही अडलं नाही. हिंदीत शाळा तशीच 'छूट जाती है'. गुजरातीतही शिक्षण असंच 'छूटी' जातं. आपल्या या शेजारी भाषांना ही सोय ठाऊक आहे : क्रियापदाचं असं रूप, ज्यात घटना घडते पण ती कुणी करत नाही. पान गळतं, दूध नासतं, शाळा सुटते. इंग्रजीत मात्र मला कर्ता द्यावा लागत होता. तिने शाळा सोडली? दहा वर्षांच्या मुलीने स्वतः सोडली नव्हती. तिला शाळेतून काढलं? मग कुणी काढलं, हा प्रश्न वाक्याच्या शेवटी उभा राहतो. 'परिस्थितीने' असं उत्तर देता आलं असतं. पण अनुवादकाची एक जुनी खोड आहे : वाक्यात जो कर्ता लिहितो तो डोळ्यांपुढे आणून बघायचा. परिस्थिती मला डोळ्यांपुढे आणता येईना.

म्हणून मी आजीचा दिवस कागदावर मांडून पाहिला.

मुंबईबाहेरच्या वाचकासाठी थोडं सांगायला हवं. लालबाग, परळ, वरळी, भायखळा हा सगळा गिरणगावाचा पट्टा. गिरण्यांत काम करणारे पुष्कळसे पुरुष कोकणातून आणि घाटावरून एकटे आलेले असत. बायकामुलं गावी. एका खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या या माणसांना दोन वेळचं जेवण घालायचे ते आसपासच्या चाळींतल्या बायका, आणि त्याचे पैसे महिन्याच्या पगाराला मिळत. ही घरगुती खानावळ. या हजारो बायकांकडे कामगार म्हणून कुणाचं लक्ष फार उशिरा गेलं. प्रेमा पुरव यांनी त्यांना संघटित करणारं अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते १९७५ साली. माझ्या आजीच्या खानावळीचा काळ त्याच्या वीस वर्षं आधीचा.

आजी गिरणीत वाइंडिंग खात्यात होती. त्रासनखात्यात कातलेलं सूत लहान बॉबिनींवर येई, ते वाइंडिंगमध्ये मोठ्या गुंडीवर घ्यायचं. गुंडाळताना सुतातली कच्ची जागा तुटते. ती तिथे तुटावीच, कारण तिथे तुटली नाही तर पुढे साच्यावर तुटणार. तुटलं की बाईने दोन्ही टोकं चिमटीत धरून गाठ मारायची, आणि गाठ इतकी बारीक हवी की कापडात ती दिसू नये. आजीची गाठ चांगली होती असं आत्या सांगते. आमच्या दोन पानांत कष्ट होते, त्याग होता, पण ही गाठ नव्हती. कष्ट करणाऱ्या बाईला कसबही असतं, हे कुटुंबाच्या आठवणीतून फार लवकर जातं.

तर वेळापत्रक. आजीची पाळी सकाळी सात ते दुपारी साडेतीन. खानावळीत बारा माणसं. त्यांतली काही पहिल्या पाळीची, ती संध्याकाळी जेवणार. काही दुसऱ्या पाळीची, साडेतीनला गिरणीत शिरणारी, म्हणजे दोनच्या सुमाराला जेवणार. काही रातपाळीची, बाराला आत जाणारी, म्हणजे रात्री दहा-साडेदहाला जेवणार. आजी पहाटे तीनला उठे, कालवण करून ठेवी, भाकऱ्या थापायला घेई, पण दोन वाजताच्या पंगतीला ती घरी असणं शक्यच नव्हतं. गरम भाकरी लागते, पाणी लागतं, जेवण वाढायला हात लागतो, कोण जेवलं आणि कोण नाही हे टिपून ठेवावं लागतं. धाकट्या भावाला त्या वेळात सांभाळावं लागतं. महापालिकेची शाळा अकरा ते पाच.

कागदावर हे मांडलं आणि दिसलं की ही खानावळ आजीने एकटीने चालवणं अशक्य होतं. त्या वेळापत्रकात अकरा ते पाच एक माणूस कमी पडत होतं. ते माणूस दहा वर्षांचं होतं.

इथे एक मोह होतो. आपण आपल्या काळात बसून आजीवर खटला भरायचा. मुलाला ठेवलं, मुलीला काढलं, झाला निकाल. मला तो निकाल देता येत नाही. पोरीला शिकवून ती दुसऱ्याच्या घरी जाणार, पोरगा शिकला तर नोकरीला लागेल आणि घर वर येईल, हा हिशेब आजीने शोधून काढलेला नव्हता. तो तिला जगाने आयता दिला होता, आणि त्या जगात तो खोटाही ठरला नाही. बाबा मॅट्रिक झाले, सरकारी कचेरीत लागले, घर वर आलं. मी शिकले, एम.ए. केलं, आज एका वाक्याच्या कर्त्यावर दीड महिना घालवण्याची चैन मला परवडते, हे सगळं त्या हिशेबाच्या बळावर.

दुसरा मोह याच्या उलट : 'तिला पर्यायच नव्हता' म्हणून सगळं मिटवायचं. हे दयाळूपणाचं वाटतं, पण मला ते आजीला लहान करणारं वाटतं. बारा माणसांची खानावळ आणि गिरणीची पाळी एकत्र चालवणारी बाई निर्णय घेत नव्हती असं कसं म्हणावं? तिने गावी परत जायचं नाही हे ठरवलं. दिराच्या आश्रयाला जायचं नाही हेही ठरवलं. पर्याय सगळे वाईट होते, पण वाईटांतून निवड तिने केली. तिच्या धडाडीचं श्रेय तिला द्यायचं असेल, तर त्याच हाताने केलेली दुसरी गोष्टही तिच्याच नावावर लिहावी लागते. चांगल्याचा कर्ता आजी आणि वाईटाचा कर्ता परिस्थिती, असं व्याकरण आपण फक्त आपल्या माणसांसाठी वापरतो.

आणि मग तो शब्द : त्याग. आपल्याकडे कामकरी आजीची आठवण या शब्दाशिवाय पुरी होत नाही. पण त्याग आपल्या मालकीच्या गोष्टीचा करता येतो. आजीने आपली झोप दिली, पाठ दिली, उमेद दिली, तो त्याग. आक्काची शाळा ही आजीची नव्हती. दुसऱ्याची वस्तू आपण देतो तेव्हा त्याला त्याग म्हणत नाहीत, देणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असला तरी. आणि जिची वस्तू गेली तिनेही त्याग केला असं म्हणता येत नाही, कारण तिला कुणी विचारलं नव्हतं. या दोन्ही गोष्टींसाठी एकच पवित्र शब्द वापरला की कुटुंबातलं एक देणं दिसेनासं होतं.

हे सगळं मनात घेऊन मी आत्याकडे गेले. ती विरारला राहते, ऐंशीच्या घरात आहे, गुडघे गेलेत पण जीभ शाबूत आहे. मी तिला माझा कच्चा अनुवाद मराठीत करून ऐकवला. त्यात मी लिहिलं होतं की तिला शिक्षणापासून वंचित ठेवण्यात आलं.

'वंचित म्हणजे काय गो?' तिने विचारलं. मी सांगितलं. ती हसली.

'नाय बाय. बिचारी करू नको मला. खानावळ आईची होती म्हणतात, होतीच. पण दिवसाची ती चालवली मी. नऊ वर्षं, माझं लग्न होईपर्यंत. हिशेबाची वही माझ्या अक्षरात होती. आईला कुठं लिहिता येत होतं? चौथीपर्यंत शिकले ते तिथं कामाला आलं. एका माणसाचे पैसे बुडले नाहीत माझ्या वहीत.'

मग मी विचारलं, 'आणि शाळा कशी सुटली?'

'सुटली कशाला? आईनं काढली. रात्री भांडी घासताना म्हणाली, उद्यापासून जाऊ नको. परिस्थिती नव्हती आली सांगायला.'

मी गप्प राहिले. तीही थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, 'नंतर कधी बोलली नाही ती त्यावर. मी पण नाही. पण माझी मोठी दहावीला नापास झाली, तेव्हा आमच्या घरचे म्हणाले, पुरे आता, बसू दे घरी. आईला कुणीतरी कळवलं. ती आली, या इथं भिंतीला टेकून बसली. चार दिवस. जेवायला वाढलं की जेवायची, परत बसायची. फॉर्म भरला तेव्हा उठली. फीचे पैसे कनवटीला घेऊनच आली होती. तिला ठाऊक होतं सगळं.'

मला वाटतं, आजीचा नैतिक इतिहास लिहायचा असेल तर तो या चार दिवसांत आहे. स्वतः तिने परिस्थितीची सबब कधी पुढे केली नाही. केलेलं पुसता येत नाही हे तिला कळत होतं, आणि तरी ते तिथेच सोडून देता येत नाही हेही कळत होतं. आम्ही तिला निर्दोष ठरवायला निघालो होतो. तिने स्वतःला निर्दोष ठरवलेलं नव्हतं.

निघताना आत्याने आणखी एक दुरुस्ती सांगितली. काकांच्या मजकुरात होतं : 'मुलं हाताशी आली तशी आईने गिरणी सोडली.' आत्या म्हणाली, 'आईनं कुठली सोडली? गिरणीनं तिला सोडलं. नवी यंत्रं आली, वाइंडिंगमधल्या बायका कमी केल्या.'

तीच क्रियापदं, तीच लपाछपी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाचांतली एक कामगार बाई असे. पुढे हे प्रमाण उतरत गेलं आणि सत्तरच्या दशकापर्यंत नगण्य झालं. १९२९ साली मुंबई प्रांतात बाळंतपणाच्या रजेचा कायदा आला. १९४८च्या कारखाना कायद्याने संध्याकाळी सातनंतर सकाळी सहापर्यंत बायकांना कामावर ठेवायला मनाई केली. दोन्ही कायदे बायकांच्या भल्याचे होते. पण तीन पाळ्या चालवणाऱ्या मालकाला, एकाच पाळीत काम करू शकणारी आणि रजेचे पैसे द्यावे लागणारी बाई महाग वाटू लागली, आणि नव्या यंत्रांनी तिची जागा घ्यायला निमित्त दिलं. १८ जानेवारी १९८२ला सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तो गिरणगावाच्या आठवणीतला सगळ्यात मोठा दिवस. त्या दिवशी गिरणीच्या आत बायका अगदी थोड्या उरल्या होत्या. त्यांची गिरणी आधीच 'सुटली' होती, आणि ती कुणी सोडवली हे शहराच्या गोष्टीतही कर्त्याशिवायच राहिलं. घर आणि कारखाना या बाबतीत एकमेकांपासून फार लांब नाहीत.

आपल्या परंपरेने माणसाच्या डोक्यावर तीन ऋणं सांगितली : देवऋण, ऋषिऋण, पितृऋण. पितृऋण संततीने फिटतं, म्हणजे मागच्यांचं देणं पुढच्यांना द्यायचं. ही कल्पना सुंदर आहे. आजीने आम्हाला दिलं, आम्ही मुलांना देऊ. पण या साखळीत बहीण कुठेच बसत नाही. ती मागची नाही, पुढची नाही, बाजूची आहे. तिचं ऋण पुढे सरकवून फिटत नाही, तिलाच परत द्यावं लागतं. आम्ही दर भाऊबीजेला तिला साडी देत आलो. आणि कृतज्ञता मात्र वाहत आलो आजीला, जी १९९७ साली गेली आणि जी आता काही मागू शकत नाही. मेलेल्या माणसाचे उपकार मानणं सोपं असतं. ज्याचं देणं लागतो ते माणूस विरारला असतं आणि त्याचा फोन आला की आपण म्हणतो, कामात आहे, नंतर करते.

स्मरणिकेसाठी जुने फोटो शोधताना मला बाबांच्या कपाटात एक कागद मिळाला. आजी गेल्यावर खोलीची भाडेपावती बाबांच्या नावावर झाली तेव्हाचा. पुढे चाळीचा पुनर्विकास झाला आणि त्या पावतीच्या आधारे आम्हाला घर मिळालं, ज्यात मी वाढले त्याच जागेवर, पण सहाव्या मजल्यावर. कागदावर आत्याची सही होती, चौथीतल्या मुलीच्या नीट, सुट्या अक्षरांत. वर टाइप केलेलं : 'याबाबत माझी काहीही हरकत नाही.' त्यापुढे काही नव्हतं. ज्या बाईने त्या खोलीत नऊ वर्षं पंगती वाढल्या, तिचा त्या खोलीशी असलेला संबंध कागदावर फक्त हरकत नसण्यापुरता उरला होता.

बाबांना मी नवा मजकूर वाचायला दिला. त्यांनी तो दोनदा वाचला. म्हणाले, 'खरं आहे. पण छापायची काय गरज?' थोड्या वेळाने म्हणाले, 'मला कुणी विचारलं नव्हतं. मी सहा वर्षांचा होतो.'

'बाबा, तुम्हाला कुणी दोष देत नाही,' मी म्हटलं. आणि ते खरंही होतं. सहा वर्षांच्या मुलाला कसला दोष? पण त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण सहाव्या वर्षीचा निर्दोषपणा पन्नासाव्या वर्षी चालत नाही. पावती नावावर होताना बाबा पन्नाशीला आले होते. मी आज चाळिशी ओलांडली आहे आणि त्या घराची वारस आहे. आत्याची शाळा गेली तेव्हा मी जन्मलेही नव्हते, हे कारण आता मला किती दिवस पुरणार? ज्या दिवशी कळलं त्या दिवसापर्यंत. त्यापुढे जे राहील ते माझं. इतिहास आपण केलेला नसतो, पण माहीत झाल्यावर तो सांभाळत बसणं हे आपलं कृत्य असतं.

बाबांनी दुसऱ्या दिवशी सकाळी मजकुराचा कागद परत दिला. एकच दुरुस्ती होती, त्यांच्या हातची. मी लिहिलं होतं, 'दोन्ही मुलं शिकली.' त्यांनी ते खोडून लिहिलं होतं, 'मी आणि माझा भाऊ शिकलो.'

शेवटी छापलं ते असं : 'आजोबा गेल्यावर १९५४ साली आईने आक्काला चौथीतून शाळेतून काढलं. त्यानंतर नऊ वर्षं आक्काने दिवसाची खानावळ चालवली आणि तिचा हिशेब ठेवला. त्या पैशांवर आणि आईच्या गिरणीच्या पगारावर मी आणि माझा भाऊ शिकलो.' इंग्रजी अनुवादाला पाच मिनिटं लागली. काकांना वाईट वाटलं, आईची बदनामी झाली असं ते म्हणाले. मी त्यांना चार दिवस भिंतीला टेकून बसलेल्या आजीची गोष्ट सांगितली. त्यांना ती ठाऊक नव्हती.

घराच्या कागदांवर अजून एकट्या बाबांचं नाव आहे. त्यात आत्याचं नाव घालायचं तर काय करावं लागेल हे विचारायला मी गेल्या महिन्यात सोसायटीच्या कार्यालयात गेले. सचिवांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, 'बहिणीने हक्क मागितलाय का?' मी म्हटलं, 'नाही.' 'काही वाद आहे?' 'नाही.' ते माझ्याकडे बघत राहिले. 'मग?'

मला पटकन उत्तर देता आलं नाही. अर्जाचा नमुना घेऊन आले आहे. त्यावर सही बाबांची लागते.